विंटरफेलची लढाई आणि बेळगावचा प्रेक्षक

'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकी अद्भुतरम्य मालिकेच्या आठव्या पर्वातला तिसरा भाग म्हणजे 'द लाँग नाइट'. स्टार्क घराण्याच्या विंटरफेल या किल्ल्याची लढाई यात आहे. ही नोंद त्या लढाईची आणि कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, मुख्यतः बेळगाव शहर व परिसरात, ती कशी बघितली गेली याची आहे. अमेरिकेत हा भाग २८ एप्रिल २०१९ रोजी, रविवारी रात्री नऊला दाखवला गेला. आपल्याकडे तेव्हा सोमवार उजाडून सकाळचे साडेसहा झाले होते. पुढची बरीच तक्रार या साडेसहामुळे आहे.

भागाची लांबी ८२ मिनिटे, म्हणजे मालिकेतला सर्वांत मोठा भाग. दिग्दर्शन मिगेल सापोच्निक यांचे, लेखन डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांचे, छायाचित्रण फेबियन वॅग्नर यांचे. उत्तर आयर्लंडमध्ये ५५ रात्री चित्रीकरण चालले. कथा थोडक्यात अशी : उत्तरेकडून मृतांचे सैन्य येते, त्याचा सेनापती नाइट किंग. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसे विंटरफेलच्या तटामागे एकत्र येतात, हरत जातात, आणि सगळे संपले असे वाटत असताना त्या घराण्यातली मुलगी आर्या स्टार्क नाइट किंगला खंजीर खुपसते. तो फुटतो आणि त्याच्याबरोबर त्याचे सगळे सैन्य कोसळते. अमेरिकेत त्या रात्री १ कोटी ७८ लाख लोकांनी हे बघितले.

धास्ती मोठी होती, कारण निकाल कुणालाच ठाऊक नव्हता. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांचा पाचवा खंड २०११ मध्ये आला, त्यानंतरचा आलाच नाही, आणि मालिका त्याच्या पुढे निघून गेली होती. पुस्तके वाचून इतरांपुढे भाव खाणारे त्या दिवशी बाकीच्यांच्याच पंगतीला बसले. दूरदर्शनवरच्या 'रामायणा'त (१९८७–८८) रावण मरणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असे. तिथे लोक टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत, आणि आकाशात दोन बाण एकमेकांवर आपटले की हात जोडत. इथे हात जोडायची सोय नव्हती. 'फोडू नकोस' एवढीच विनवणी होती. पेपर फुटतो तसा भाग फुटतो, आणि सोमवारी दुपारपर्यंत ज्याने बघितला नाही त्याने फोन बंद ठेवलेला बरा.

आता अंधाराबद्दल. भाग फार काळोखा आहे ही तक्रार जगभर झाली. वॅग्नर यांनी ती मान्य केली नाही. लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. नेटवरून येताना चित्र दाबले जाते आणि काळ्या रंगाच्या छटा एकमेकांत मिसळून डाग पडतात, हेही खरेच आहे. पण एप्रिलअखेरच्या बेळगावात सकाळी साडेसहाला लख्ख उजाडलेले असते, हा मुद्दा त्यांच्यापर्यंत पोचला नसावा. प्रस्तुत लेखकाने हा भाग शहापुरातल्या एका माडीवर चौघांत बघितला. पूर्वेच्या खिडकीला गोधडी अडकवली, तरी दाराच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी बरोबर तटबंदीवर पडत होती. पडद्यावर मृतांपेक्षा आमचीच चार तोंडे आणि खिडकीचे गज जास्त स्पष्ट दिसत होते. चहा घेऊन आलेल्या आईने विचारले, "बंद पडलाय काय ओ टीव्ही?" तेवढ्यात तटाबाहेर उभ्या असलेल्या दोथराकी या भटक्या जमातीच्या घोडेस्वारांच्या तलवारी पेटल्या आणि ती चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. पेटत्या तलवारींची ती ओळ काळोखात घुसते, आणि मग लांबवर एकेक ठिणगी विझत जाते. आवाजही येत नाही. भागातला सर्वांत चांगला प्रसंग तोच, आणि त्याला अंधार हवाच होता. बाकी अर्धा तास "काय दिसंना की रे" याच्यातच गेला.

बेळगावची खास तक्रार मात्र वेगळी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र या शहरात आहे. भोवतालच्या गावांत घरटी नाही तरी गल्लीआड एखादा निवृत्त सुभेदार, हवालदार सापडतोच. आमच्यातल्या एकाचे मामा त्यांपैकी. इंग्रजी संवादांत त्यांना रस नव्हता, पण मांडणी त्यांनी दोन मिनिटांत वाचली. शत्रू दिसत नसताना घोडदळ पुढे सोडले. दगडफेकी यंत्रे पायदळाच्याही पुढे, खंदकाच्या बाहेर ठेवली. बायकापोरे तळघरात, आणि तेही मुडदे उठवणाऱ्या शत्रूपुढे आपल्याच पूर्वजांच्या थडग्यांशेजारी! "खंदक कशाला असतोय मग? किल्ल्यात जाऊन बघा म्हणावं," एवढे बोलून मामा उठले. बेळगावच्या भुईकोटाभोवतालचा खंदक ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांना हा प्रश्न पडणे साहजिकच. तो जगभरच्या जाणकारांनाही पडला. बचाव करणाऱ्यांचा असा युक्तिवाद की भीतीने गोंधळलेल्यांची ही फौज आहे, ती शहाण्यासारखी कशी लढेल. युक्तिवाद वाईट नाही, पण मालिकेत तसे कुणी म्हणताना दिसत नाही.

उलट दोन मरणे इथे मनापासून पावली. छोटी लियाना मॉरमाँट राक्षसाच्या मुठीत चिरडली जात असताना त्याच्या डोळ्यात पाते खुपसते. आणि स्टार्कांच्या घरात वाढलेला थिऑन ग्रेजॉय आर्याच्या धाकट्या भावाला, ब्रॅनला, वाचवण्यासाठी, जिंकायची काही आशा नसताना, एकटा भाला घेऊन नाइट किंगवर धावतो. खिंड लढवणे हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी जे केले त्याचा अर्थ वेळ मिळवून देणे हाच होता. थिऑनने ब्रॅनला मिळवून दिलेला वेळ मिनिटाच्या हिशेबातला, पण आर्या पोचली ती त्याच मिनिटात. संगीतकार रामिन जवादी यांनी तिथे लढाईचे सगळे आवाज बाजूला सारून पियानो ठेवला आहे. माडीवर त्या वेळी कुणी बोलले नाही.

मग आर्याची उडी. नाइट किंग तिचा गळा धरतो, तिच्या डाव्या हातातला खंजीर सुटतो आणि खालून उजव्या हाताने ती तो झेलते. पहिल्या पर्वात ब्रॅनला मारायला वापरलेला खंजीर तो हाच. ओरडा झाला, गोधडी खाली आली, उन्ह आत आले. भांडण दहा मिनिटांनी सुरू झाले. इतकी पर्वे ज्याच्या नावाने भीती घातली तो एका रात्रीत, पुढचे तीन भाग शिल्लक असतानाच, संपला? आणि ज्याला सगळे नायक समजत होते त्या जॉन स्नोने नेमके काय केले? माझे मत असे की मारणारी निवडली ती योग्यच. घाई झाली ती मारला जाण्याची.

या पट्ट्यातल्या डोळ्यांना लढाई बघायची सवय कुठून लागली हे ध्यानात घेतले पाहिजे. बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर उभारलेल्या गडावर गल्लीतली पोरे अफझलखानाचा कोथळा काढतात, जनरेटर धडधडतो, हॅलोजनचा झोत तोंडावर मारलेला असतो. रात्रच असते, पण प्रत्येक वार दिसतो. कोकणाकडून घाट चढून येणाऱ्या दशावतारातही युद्धाला रान नसते, महाल नसतो. पखवाज, झांज आणि दोन नटांच्या गिरक्या असतात. तिथे खेळ रात्रभर रंगतो आणि दैत्याचा वध व्हायला पहाट होते. म्हणजे सकाळच्या उजेडात, झोपमोड झालेल्या तोंडाने वध बघणे इथे नवे नव्हते. तो वध दिसला नाही, हे नवे होते.

त्या वर्षी वैशाख शुद्ध द्वितीया ६ मे रोजी, म्हणजे भागानंतर आठवड्याने आली. चित्ररथांच्या तालमी त्याच दिवसांत चालू होत्या, आणि गल्लीत दांडपट्टा फिरवणाऱ्या पोरांपैकी काहींनी आर्याचा हातबदल लाकडी कट्यारीने करून बघितला. बहुतेकांच्या हातून ती खाली पडली. मालिकेचा शेवटचा भाग आपल्याकडे २० मे रोजी सकाळी आला आणि त्याने इतका वैताग आणला की अंधाराची तक्रार मागे पडली. आठवे पर्व पुन्हा बनवा अशा ऑनलाइन अर्जावर तोवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. मामांनी नंतर दोन दिवसांनी भाच्याला एवढेच विचारले, "त्या पोरीनं खंजीर झेलला तो कुठल्या हातानं?"