जपानमधील ग्रामीण रेल्वे स्थानके

जपानमधील ग्रामीण रेल्वे स्थानके : जपानच्या डोंगराळ, किनारी व विरळ वस्तीच्या प्रदेशांतील, बहुधा एकेरी मार्गावरची लहान स्थानके. जेथे रेल्वेचा एकही कर्मचारी नेमलेला नसतो त्या स्थानकास ‘मुजिन-एकी’ (माणूस नसलेले स्थानक) म्हणतात. वस्तीपासून तुटलेल्या, क्वचित पायवाटेनेही न जोडलेल्या स्थानकांसाठी साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘हिक्यो-एकी’ (दुर्गम प्रदेशातील स्थानक) हे नाव प्रचारात आले. ते हौशी प्रवाशांनी रुजवलेले असून रेल्वेच्या नियमावलीत त्याला स्थान नाही. परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार आर्थिक वर्ष २०१९ च्या अखेरीस देशातील ९,४६५ स्थानकांपैकी ४,५६४, म्हणजे सु. ४८ टक्के, स्थानके बिनकर्मचारी होती. आर्थिक वर्ष २००१ मध्ये हे प्रमाण सु. ४३ टक्के होते. या आकड्यांत शहरांच्या कडेची काही स्थानकेही येतात, त्यामुळे ‘मुजिन’ आणि ‘ग्रामीण’ हे शब्द समानार्थी धरू नयेत.

व्युत्पत्ती : स्थानक या अर्थाचा ‘एकी’ हा शब्द ज्या चिन्हाने लिहितात, त्याच्या डाव्या अंगाला घोड्याचे चिन्ह आहे. शब्दाचे मूळ घोड्यांच्या टप्प्यात आहे. प्राचीन जपानी राज्यव्यवस्थेत राजमार्गांवर दर ३० री (सु. १६ किमी.) अंतरावर सरकारी निरोप्यांसाठी ताजे घोडे ठेवलेले असत व अशा ठाण्यास हे नाव होते. या व्यवस्थेचा आरंभ परंपरेने ६४६ मधील तायका सुधारणांच्या फर्मानाशी जोडतात. मात्र त्या फर्मानाच्या आज उपलब्ध असलेल्या मजकुरावर नंतरचे संस्कार झाले असावेत, असे अनेक इतिहासकारांचे मत असल्याने ७०१ च्या तायहो संहितेपासून तिचा काळ मोजणे अधिक सुरक्षित ठरते. १८७२ मध्ये शिम्बाशी–योकोहामा हा पहिला लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा हा जुना शब्द लगेच रेल्वेला चिकटला नाही. लोक इंग्रजीवरून ‘स्तेशोन’ आणि जिभेला सोपे म्हणून ‘स्तेन्शो’ म्हणत. दप्तरी भाषेत ‘तेइशाजो’ (गाडी थांबण्याची जागा) हा शब्द चाले. ‘एकी’ने या दोहोंना मागे सारले ते बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ‘तेइशाजो’ मात्र नाहीसा झाला नाही. तांत्रिक नियमांत तो व्यापक वर्गाचे नाव म्हणून टिकला असून ‘एकी’ हा त्याचा एक पोटप्रकार ठरतो. ग्रामीण स्थानकांच्या इतिहासात हा भेद कळीचा आहे.

वर्ग : ‘तेइशाजो’चा दुसरा महत्त्वाचा पोटप्रकार म्हणजे ‘शिंगोजो’. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांचे क्रॉसिंग व्हावे म्हणून जादा रूळ टाकलेली ही जागा. येथे प्रवाशांची चढउतार अपेक्षित नसते. दोन शिंगोजोंमधील पट्ट्यात एका वेळी एकच गाडी असावी यासाठी चालकाकडे टॅब्लेट नावाची धातूची चकती द्यावी लागे. ती कड्याला अडकवलेल्या चामडी पिशवीतून हातोहात दिली-घेतली जाई (भारतीय रेल्वेतील टोकनाची पद्धत याच कुळातली). या कामासाठी स्टेशनमास्तर, सांधेवाले व त्यांची कुटुंबे निर्जन घाटात राहत, आणि त्यांच्या सोयीसाठी गाडीही थोडी थांबे. पुढे अशा काही जागांना स्थानकाचा दर्जा मिळाला. तोकुशिमा प्रांतातील त्सुबोजिरी १९२९ मध्ये शिंगोजो म्हणून सुरू झाले व १९५० मध्ये स्थानक बनले. चढणीवर गाडी थांबवणे कठीण म्हणून तेथे मुख्य मार्गाच्या बाजूला सपाट रूळ काढून गाडी मागे-पुढे नेण्याची ‘स्विचबॅक’ रचना आहे.

तिसरा प्रकार ‘कारी-जोकोजो’, शब्दशः ‘तात्पुरती चढण्या-उतरण्याची जागा’. संदर्भसाहित्यात याचा उल्लेख बहुधा ओझरता येतो. प्रस्तुत नोंदीत त्याला जास्त जागा दिली आहे, कारण आज ‘हिक्यो-एकी’ म्हणून गाजलेली होक्काइदोतील (जपानचे उत्तरेकडील मोठे बेट) अनेक स्थानके मुळात या वर्गातली. राष्ट्रीय रेल्वेचे (सरकारी मालकीच्या देशव्यापी रेल्वेचे) स्थानक उघडण्यास तोक्योतील मुख्यालयाची मंजुरी लागे. कारी-जोकोजो मात्र विभागीय व्यवस्थापन आपल्या अधिकारात सुरू करी. वाफेच्या इंजिनाची जड गाडी पुन्हा वेग घेताना कोळसा व वेळ खाई, त्यामुळे जादा थांबे परवडत नसत. १९५० च्या दशकात डिझेल रेलकार आल्या आणि ही अडचण कमी झाली. शाळकरी मुले व दूध-बटाट्याचे शेतकरी यांच्यासाठी ठिकठिकाणी लाकडी फळ्यांचे, एका डब्याच्या लांबीचेही नसलेले फलाट उभे राहिले. या जागांना अधिकृत किलोमीटर-अंतर नसे. त्यामुळे भाडे आकारताना तेथे चढणाऱ्यास मागच्या आणि उतरणाऱ्यास पुढच्या खऱ्या स्थानकाचे अंतर धरले जाई. देशभराच्या वेळापत्रकात त्यांची नावेही बहुधा नसत. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेची वेगवेगळ्या कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हा यांतील बहुतेक जागा एका फटक्यात ‘एकी’ झाल्या. गावे रिकामी होत असताना स्थानकांची यादी वाढली, ही विसंगती या प्रशासकीय बदलातून आली आहे. १९८७ नंतरच्या आकड्यांची तुलना आधीच्या आकड्यांशी करताना ती ध्यानात ठेवावी लागते.

विस्तार : १९०६–०७ मध्ये १७ खाजगी रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९१० च्या हलक्या रेल्वेसंबंधीच्या कायद्याने कमी खर्चाचे फाटे बांधणे सुकर झाले आणि १९२२ च्या सुधारित रेल्वे बांधणी कायद्याच्या परिशिष्टात १४९ नियोजित मार्गांची यादीच जोडली गेली. मतदारसंघाकडे रेल्वे ओढण्याच्या राजकारणास ‘गादेन-इनतेत्सु’ म्हणजे ‘आपल्या शेताकडे लोखंड वळवणे’ असे नाव पडले. ‘आपल्या शेताकडे पाणी वळवणे’ या जुन्या म्हणीवरचा हा शब्दखेळ आहे. इवाते प्रांतातील ओफुनातो मार्गाने घेतलेले मोठे वळण हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. त्या आकारावरून मार्गाला ‘भांड्याची मूठ’ असे टोपणनाव मिळाले.

सर्व ग्रामीण मार्ग सरकारी प्रेरणेचे नव्हते. १९५.७ किमी. लांबीच्या ईदा मार्गावर ९४ स्थानके आहेत, म्हणजे सरासरी दोन किलोमीटरला एक. हा मार्ग चार खाजगी रेल्वेंच्या जोडणीतून बनला व १९४३ मध्ये सरकारकडे गेला. स्थानकांची दाटी ही त्या खाजगी काळाची खूण मानली जाते. त्यातील तेन्र्यू नदीच्या दरीतला सर्वांत अवघड भाग सानशिन रेल्वेने १९३७ मध्ये पुरा केला. त्याची मोजणी होक्काइदोहून आलेल्या ऐनू (तेथील मूळ रहिवासी जमात) सर्वेक्षकांनी केली व कावामुरा कानेतो हे त्यांचे प्रमुख होते. ऐनू लोकांच्या वाट्याला तेव्हा येणारी भेदभावाची वागणूक पाहता या कामाचा उल्लेख मार्गाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवा.

वास्तू : जुन्या ग्रामीण स्थानकाची इमारत लाकडी, एकमजली, कौलारू, मध्ये प्रतीक्षागृह, एका अंगाला तिकीट खिडकी व कार्यालय, फलाटाच्या बाजूला खांबांवर पुढे काढलेले छप्पर. १९३० च्या सुमारास रेल्वे मंत्रालयाने लहान स्थानकांसाठी प्रमाणित नकाशे काढल्यामुळे दूरदूरच्या प्रांतांत सारख्या इमारती दिसतात. कागोशिमा प्रांतातील कारेइगावा व ओसुमी-योकोगावा (दोन्ही १९०३) या त्याआधीच्या पिढीतल्या. २००६ मध्ये त्यांची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद झाली. ओसुमी-योकोगावाच्या फलाटावरील एका खांबात दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्याच्या गोळीचे छिद्र अद्याप आहे.

वापरात असलेली सर्वांत जुनी इमारत कोणती, याबद्दल एकमत नाही. आइची प्रांतातील ताकेतोयो मार्गावरच्या कामेझाकी स्थानकाला हा मान बहुधा दिला जातो. तेथील मालमत्ता-पट्टीवर (इमारतीवर लावलेल्या नोंदीच्या फलकावर) १८८६ च्या जानेवारीचा उल्लेख असून मार्ग त्याच वर्षी १ मार्चला सुरू झाला, त्यामुळे तारीख सुसंगत दिसते. परंतु १८९५ मध्ये स्थानक आगीत जळाल्याची नोंदही सांगितली जाते. ती खरी असेल, तर आजची इमारत त्यानंतरची ठरते. मालमत्ता-पट्टी हा नंतरच्या हिशेबाचा दस्तऐवज आहे. इमारत पुन्हा बांधली गेली तरी खात्यावरची मूळ तारीख पुढे चालत राहणे अशक्य नाही. म्हणून ‘सर्वांत जुनी मानली जाणारी’ एवढेच म्हणणे योग्य.

होक्काइदोत अगदी वेगळा प्रकार दिसतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मालगाड्यांच्या शेवटी गार्डचा डबा जोडण्याची प्रथा बंद झाली आणि शेकडो डबे निकामी ठरले. चाके काढून ते जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारतींच्या जागी ठेवण्यात आले. सोया मार्गावरील ओसाशिमा येथे असे प्रतीक्षागृह आहे. आत बाक, भिंतीवर वेळापत्रक, बाहेर बर्फाचे फावडे, एवढाच त्याचा संसार.

ऱ्हास : १९६४ मध्ये, तोकाइदो शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी, राष्ट्रीय रेल्वे तोट्यात गेली. १९६८ मध्ये सल्लागार समितीने ८३ तोट्याचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. त्यांतील थोडेच प्रत्यक्षात बंद झाले. खरा घाव १९८० च्या पुनर्रचना कायद्याने बसला. दर किलोमीटरमागे दिवसाला ४,००० प्रवाशांहून कमी वाहतूक असलेल्या मार्गांतून पुन्हा ८३ मार्ग (एकूण ३,१५७.२ किमी.) निवडण्यात आले. त्यांपैकी ४५ मार्गांवर बस आली आणि ३८ मार्ग रेल्वे म्हणूनच इतर संस्थांकडे गेले. १९६८ व १९८० या दोन्ही याद्यांतील ८३ ही संख्या केवळ योगायोगाने सारखी आहे; लोकप्रिय लेखनात त्या वारंवार एकच समजल्या जातात. असे मार्ग ताब्यात घेणारी, सरकार व खाजगी भागीदारीच्या ‘तिसऱ्या क्षेत्रा’तील पहिली कंपनी, सानरिकु रेल्वे, १ एप्रिल १९८४ रोजी सुरू झाली.

माणसे त्याआधीच जाऊ लागली होती. केंद्रीय नियंत्रण कक्षातून सिग्नल व सांधे हलवण्याची पद्धत राष्ट्रीय रेल्वेत १९५८ मध्ये इतो मार्गावर प्रथम आली. ती पसरली तसा टॅब्लेट देणारा स्टेशनमास्तर अनावश्यक ठरला. मालवाहतूक मोजक्या मोठ्या स्थानकांत एकवटल्यावर हमाल व गोदामेही गेली. उरलेले तिकीटविक्रीचे काम कोठे ग्रामपालिकेकडे, कोठे कृषी सहकारी संस्थेकडे, कोठे स्थानकासमोरच्या दुकानदाराकडे सोपवले गेले. अन्यत्र एकटा चालकच उतरणाऱ्यांची तिकिटे घेतो. प्रवासी चढताना यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी काढतो व तिच्यावरून भाडे ठरते. या सोयीत अपंग व वृद्ध प्रवाशांचा विचार मागे पडला. २०२० मध्ये ओइता येथील अपंग प्रवाशांनी बिनकर्मचारी स्थानकांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २०२२ मध्ये मंत्रालयाने याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

प्रसिद्धी : काही लहान स्थानकांना त्यांच्या वाहतुकीशी संबंध नसलेली कीर्ती लाभली. होक्काइदोच्या हिरोओ मार्गावरील कोफुकु हे १९५६ मध्ये कारी-जोकोजो म्हणून उघडले व त्याच वर्षी स्थानक झाले. गावाचे मूळ नाव ऐनू भाषेतील ‘कोरडी नदी’ या अर्थाच्या शब्दाला जपानी चिन्हांचे कपडे चढवून बनलेले. त्यातले पहिले चिन्ह आणि फुकुइ प्रांतातून आलेल्या वसाहतकारांच्या प्रांतनामातले पहिले चिन्ह मिळून ‘कोफुकु’, म्हणजे ‘सुख’, झाले, ही उपपत्ती सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. जवळच्या आइकोकुच्या नावातली चिन्हे ‘प्रेमाचा देश’ अशीही वाचता येतात. १९७३ मध्ये दूरचित्रवाणीवर हे स्थानक झळकल्यावर आइकोकु ते कोफुकु ही तिकिटे लाखांनी खपली. मार्ग १९८७ मध्ये बंद झाला. स्थानक जतन केले आहे. वाकायामा प्रांतातील किशी येथे २००७ मध्ये तामा नावाच्या मांजरीला स्टेशनमास्तर नेमले गेले आणि बंद पडू पाहणाऱ्या त्या मार्गाकडे प्रवासी वळले. ती २०१५ मध्ये मरण पावली.

ईदा मार्गावरील कोवादा (१९३६) हे शिझुओका, आइची व नागानो या तीन प्रांतांच्या सीमेजवळ आहे. १९५६ मध्ये साकुमा धरण पुरे झाले, नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली आणि स्थानक मागे राहिले. १९९३ मध्ये जपानच्या तत्कालीन युवराजांचा विवाह ठरला, तेव्हा वधूचे आडनाव याच चिन्हांनी लिहिले जात असल्याने (उच्चार ‘ओवादा’) येथे गर्दी लोटली. होक्काइदोतील कोबोरो १९४३ मध्ये युद्धकाळातील वाढत्या वाहतुकीसाठी शिंगोजो म्हणून सुरू झाले. दोन बोगद्यांमध्ये शंभर मीटरहून कमी मोकळी जागा, एका बाजूला समुद्र, आणि मोटाररस्ता नाहीच. १९८७ मध्ये ते स्थानक झाले. २०१५ मध्ये ते बंद करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा तोयोउरा नगराने देखभालीचा खर्च स्वतःकडे घेतला.

२०१६ च्या जानेवारीत एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने एक स्थानक चालू ठेवले आहे, अशी कथा समाजमाध्यमांतून जगभर पसरली. तिच्यात कामी-शिराताकीचे नाव होते. प्रत्यक्षात ती मुलगी शेजारच्या क्यू-शिराताकीवरून जात असे व त्या गाडीला इतरही विद्यार्थी होते. स्थानके मार्च २०१६ मध्ये बंद झाली. वार्षिक वेळापत्रक मार्चमध्येच बदलते आणि शाळेचे वर्षही तेव्हाच संपते. कथेच्या मुळाशी एवढे तथ्य आहे, की क्यू-शिराताकी हे १९४७ मध्ये उघडलेले एक कारी-जोकोजो होते आणि अशा जागांचा शाळकरी मुलांना मोठा आधार होता.

नोव्हेंबर २०१६ मध्ये होक्काइदोच्या रेल्वे कंपनीने आपल्या १० मार्गांवरील १३ विभाग एकटीने चालवणे अशक्य असल्याचे जाहीर केले. मार्च २०२१ मध्ये तिची १८ स्थानके एकाच वेळी बंद झाली. १९६१ मध्ये कारी-जोकोजो म्हणून सुरू झालेले हिगाशी-नेमुरो हे देशातील सर्वांत पूर्वेकडचे स्थानक होते. मार्च २०२५ मध्ये तेही बंद झाले आणि तो मान १९२१ मध्ये उघडलेल्या नेमुरो या शेवटच्या स्थानकाकडे गेला.