औषधदान

औषध कंपन्या, औषध दुकानांच्या साखळ्या आणि त्यांनी स्थापन केलेले न्यास मोफत किंवा नाममात्र दरात औषधे, लसी व आरोग्यसेवा पुरवतात, त्या उपक्रमांना औषधदान म्हणतात. एखाद्या रोगाच्या उच्चाटनासाठी वर्षानुवर्षे चालणारा गोळ्यांचा पुरवठा, भूकंप किंवा युद्धानंतर पाठवलेली मदत, महागडे उपचार न परवडणाऱ्या रुग्णांसाठीच्या साहाय्य योजना आणि औषध दुकानांत होणाऱ्या मोफत तपासण्या हे सारे त्यात येते. या सगळ्यांचे मोल सारखे नाही. काय आणि किती द्यायचे हे घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरले की देणाऱ्याच्या गोदामातल्या शिल्लक मालावरून, यावर दानाचे यशापयश बहुतेक वेळा अवलंबून राहिले आहे.

सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या कार्यक्रमांपैकी एक आयव्हरमेक्टिन या औषधाचा आहे. जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून हे औषध निघाले. अमेरिकेतील मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केले. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. औषध आधी जनावरांच्या जंतांसाठी बाजारात आले आणि तिथे त्याचा मोठा खप झाला. माणसांतील ऑन्कोसर्कायसिस या रोगावरही ते चालेल, हे सेनेगलमध्ये १९८१ साली सुरू झालेल्या चाचण्यांतून दिसू लागले. वेगाने वाहणाऱ्या नद्यांत वाढणाऱ्या काळ्या माश्यांच्या चाव्यातून हा कृमिरोग पसरतो. रोग्याला असह्य खाज सुटते, कातडी जाड होते आणि शेवटी दृष्टी जाते. म्हणून त्याला नदीकाठचे अंधत्व असेही म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत या रोगाच्या भीतीने लोकांनी नदीकाठची सुपीक जमीन सोडून दिली होती.

अडचण अशी की ज्यांना हे औषध हवे होते, त्यांच्याकडे ते विकत घ्यायला पैसा नव्हता आणि त्यांच्या सरकारांकडेही नव्हता. ऑक्टोबर १९८७ मध्ये मर्कचे प्रमुख रॉय व्हॅजेलोस यांनी जाहीर केले की, या रोगासाठी हे औषध लागेल तितके आणि लागेल तितकी वर्षे मोफत दिले जाईल. या वचनातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आयव्हरमेक्टिन शरीरातील सूक्ष्म अळ्या मारते, पण अळ्यांना जन्म देणाऱ्या प्रौढ कृमी मारत नाही आणि त्या कृमी शरीरात दहा ते पंधरा वर्षे जगतात. तेवढा काळ गावातल्या जवळजवळ सगळ्यांना वर्षातून किमान एकदा गोळी मिळत राहिली, तरच रोगाची साखळी तुटते. तीन-चार वर्षांनी हात आखडता घेणाऱ्या दात्याचा इथे काहीच उपयोग नव्हता.

गोळ्या कोणाला द्यायच्या हे ठरवण्याचे काम कंपनीने स्वतःकडे ठेवले नाही. देवी निर्मूलनात मोठी कामगिरी केलेले विल्यम फोगी यांच्या अटलांटा येथील संस्थेत कार्यक्रमाचे कार्यालय आले आणि स्वतंत्र तज्ज्ञांची समिती अर्ज तपासू लागली. १९९५ नंतर आफ्रिकेत वाटपाची सूत्रे गावांकडेच देण्यात आली. गोळ्या कोणत्या महिन्यात द्यायच्या, घरोघर जायचे की एका जागी बोलवायचे, वाटप कोण करणार, हे गावकऱ्यांनी बैठकीत ठरवायचे. निवडलेल्या माणसाला थोडे प्रशिक्षण, एक नोंदवही आणि खुणा केलेली एक काठी मिळते. औषधाची मात्रा खरे तर वजनावर ठरते, पण खेडोपाडी वजनकाटे वाहून नेणे कठीण. म्हणून माणसाला काठीशेजारी उभे करून उंची पाहतात. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गोळी देत नाहीत. ९० ते ११९ पर्यंत एक, १२० ते १४० पर्यंत दोन, १४१ ते १५८ पर्यंत तीन आणि त्यापुढे चार गोळ्या. गरोदर स्त्रिया, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि गंभीर आजारी व्यक्ती वगळायच्या. अक्षरओळख जेमतेम असलेली व्यक्तीही हे काम चोख करू शकते. रंगवलेल्या एका काठीने वाटपाचा केवढा मोठा प्रश्न सोडवला, हे या कार्यक्रमाबद्दल लिहिताना आवर्जून नोंदवले पाहिजे.

तरीही धोके होतेच. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ या दुसऱ्या कृमीचा भार असलेल्या काही रुग्णांमध्ये औषध घेतल्यानंतर मेंदूवर गंभीर परिणाम झाले. त्यामुळे अशा भागांत सरसकट वाटप न करता वेगळी काळजी घ्यावी लागते. कार्यक्रमाचे फळ मात्र ठोस आहे. कोलंबिया (२०१३), इक्वेडोर (२०१४), मेक्सिको (२०१५) आणि ग्वाटेमाला (२०१६) या देशांतून रोगाचा प्रसार थांबल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा असा दर्जा मिळवणारा आफ्रिकेतील पहिला देश ठरला.

या उदाहरणानंतर इतर कंपन्याही पुढे आल्या. १९९८ मध्ये हत्तीरोगासाठी अल्बेंडाझोल हे जंतनाशक देण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी फायझर कंपनीच्या सहभागाने खुपरी (ट्रॅकोमा) या डोळ्यांच्या संसर्गाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय उपक्रम उभा राहिला. कुष्ठरोगाचा बहुविध औषधोपचार २००० पासून नोव्हार्टिसकडून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मोफत मिळतो. जपानच्या एसाय कंपनीने हत्तीरोगासाठी डीईसी या कृमिनाशकाच्या २२० कोटी गोळ्या देण्याचे वचन दिले आणि त्या विशाखापट्टणमच्या कारखान्यात तयार झाल्या. अशा दहा रोगांसाठी कंपन्या, सरकारे आणि देणगीदार यांनी ३० जानेवारी २०१२ रोजी लंडन येथे एकत्रित जाहीरनामा काढला. खुपरीचा अनुभव असा की गोळीसोबत पापण्यांच्या शस्त्रक्रिया, चेहऱ्याची स्वच्छता, पाणी आणि शौचालये ही कामे झाली तरच रोग हटतो. भारतातून खुपरी सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य झाले.

याच्या उलट चित्र आपत्तीकाळातील मदतीत वारंवार दिसले. डिसेंबर १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात सुमारे ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य येऊन पडले. काय आले आहे याचा अंदाज घ्यायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के औषधे पोहोचली तेव्हाच मुदतबाह्य होती, काही थंडीने गोठून वाया गेली आणि उरलेल्यांपैकी जेमतेम ३० टक्के सहज ओळखता येण्याजोगी होती. बोस्नियात १९९२ ते १९९६ या काळात सुमारे १७,००० टन निरुपयोगी औषधे साचली. ती नष्ट करण्याचा खर्चही युद्धाने पोळलेल्या देशाच्याच माथी आला. सर्वांत चटका लावणारी घटना लिथुएनियातील आहे. १९९३ मध्ये तिथे दानात आलेले क्लोसँटेल हे जनावरांचे जंतनाशक गर्भाशयाच्या दाहावरील औषध समजून स्त्रियांना देण्यात आले आणि अकरा जणींची दृष्टी काही काळ गेली. औषधासोबत माहितीपत्रक नव्हते. डॉक्टरांनी दुसऱ्या औषधांच्या पत्रकांवरील नावांशी त्याचे नाव जुळवून पाहिले होते.

अशा अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. घेणाऱ्याने मागणी केल्याशिवाय व संमती दिल्याशिवाय काहीही पाठवू नये. औषध त्या देशात मान्यताप्राप्त असावे आणि पोहोचताना त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. वेष्टनावर तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत मूळ औषधी नाव, मात्रा आणि बॅच क्रमांक असावा. वाहतूक, बंदरावरील सोडवणूक आणि साठवणूक यांचा खर्च वेगळा करार नसल्यास दात्याने उचलावा. रुग्णाने परत केलेली औषधे आणि डॉक्टरांना मिळालेले मोफत नमुने दानात देऊ नयेत, हाही नियम आहे. घरात उरलेल्या गोळ्या गोळा करणाऱ्या औषध दुकानांनी म्हणूनच त्या पुन्हा वाटू नयेत, सुरक्षितपणे नष्ट करण्यासाठी पाठवाव्यात.

औषध दुकानांचे स्थानिक उपक्रम यापेक्षा साधे असतात: रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी, लसीकरण, धूम्रपान सोडण्यासाठी सल्ला. तपासणीत दोष सापडलेल्या माणसाला पुढे डॉक्टरपर्यंत पोहोचवण्याची सोय नसेल, तर असे शिबिर जाहिरातीपलीकडे फारसे जात नाही.

दानामागचा आर्थिक हिशेबही पाहावा लागतो. अमेरिकेत १९७६ च्या कर सुधारणेपासून काही अटींवर कंपन्यांना दान केलेल्या मालावर उत्पादन खर्चाच्या दुपटीपर्यंत करवजावट मिळू शकते. शिल्लक साठा दान करण्याचा मोह त्यातून वाढतो, हा आक्षेप जुना आहे. औषधाच्या किमतीतला रुग्णांनी भरायचा हिस्सा धर्मादाय संस्थेमार्फत भरून आपल्याच औषधाची विक्री टिकवल्याच्या आरोपांवरून २०१७ पासून अनेक कंपन्यांनी अमेरिकी सरकारशी तडजोडी केल्या. फायझरने २०१८ मध्ये आरोप मान्य न करता सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर भरले.

मोफत मिळणे आणि रास्त दरात मिळणे यांतला वाद २०१६ मध्ये ठळकपणे पुढे आला. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेने ऑक्टोबरमध्ये फायझरने देऊ केलेल्या न्यूमोनियाच्या दहा लाख लसमात्रा नाकारल्या. दानाला अटी जोडलेल्या असतात, दाता ते केव्हाही थांबवू शकतो आणि तोवर चढ्या किमतीचा प्रश्न झाकलेला राहतो, अशी तिची भूमिका होती. हातात आलेली लस परत करणे हा निर्णय सोपा नव्हता. पण पुढच्याच महिन्यात फायझरने मानवतावादी संस्थांसाठी या लसीची किंमत कमी केली. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या दुसऱ्या लस उत्पादक कंपनीने तशी घोषणा सप्टेंबरमध्येच केली होती.