कोचिंग, कामाच्या ठिकाणचे

नोकरीतल्या माणसाला उत्तर आयते न देता, प्रश्न विचारून त्याचे काम त्यालाच उलगडायला लावण्याची पद्धत. नागपुरात ‘कोचिंग’ म्हटले की आधी ‘नीट’-‘जेईई’चे क्लास आठवतात आणि घोटाळा तिथेच होतो. क्लासात शिकवणारा बोलतो. इथे शिकवणाऱ्याने गप्प बसायचे असते.

शब्द मूळचा गाडीचा. हंगेरीतल्या कोच गावच्या घोडागाडीवरून तो युरोपभर गेला. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला गमतीने कोच म्हणू लागले, मग तो खेळात शिरला. कचेरीत आला तो टेनिस कोर्टावरून. खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे नसून त्याच्याच डोक्यात असतो, असे अमेरिकी प्रशिक्षक टिमथी गॅलवे यांनी १९७४ साली मांडले. पूर्वी मोटारशर्यती खेळणारे जॉन व्हिटमोर यांनी १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ही रीत व्यवस्थापकांपर्यंत नेली. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निश्चय हा त्यांनी लोकप्रिय केलेल्या ‘ग्रो’ पद्धतीचा क्रम आजही खूप वापरला जातो.

हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये हे कसे दिसेल? ऑपरेटर येऊन सांगतो, “साहेब, बोअर कमी भरून राहिला.” म्हणजे यंत्राने पाडलेल्या भोकाचे माप कमी येते आहे. सुपरवायझरला कारण ठाऊक असते. ‘इन्सर्ट बदल’ (इन्सर्ट म्हणजे हत्याराचे कापणारे, बदलता येणारे टोक) म्हटले की दोन सेकंदांत मोकळा. त्याऐवजी तो विचारतो, “कितव्या पीसपासून?” ऑपरेटर ट्रेमधले पीस मागे मागे मोजत जातो. माप एकदम उतरलेले नसते, हळूहळू उतरलेले असते. “झिजून राहिला वाटते इन्सर्ट.” “मंग आता काय करशील?” “ऑफसेट देतो, अन् दर दहा पीसमागं मोजतो.” ऑफसेट म्हणजे झिजेइतकी यंत्राच्या मापात केलेली दुरुस्ती. दहा मिनिटे गेली खरी, पण पुढच्या वेळी तो विचारायला येत नाही. अवघड भाग प्रश्नाचा नसून त्यानंतरच्या शांततेचा आहे. बहुतेक साहेब तिथेच घसरतात.

हे नाव नसलेल्या काळातले नागपूर शहरातले उदाहरण एम्प्रेस मिलचे. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या या गिरणीचा कारभार जमशेटजी टाटांनी बेझनजी मेहता यांच्यावर सोपवला. मेहता जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडाचा अनुभव शून्य. तांत्रिक बाजूला जेम्स ब्रूक्सबी होते. याला कोचिंग म्हणणे ताणल्यासारखे होईल, पण माणसाच्या मागच्या हुद्द्यापेक्षा पुढची कुवत पाहण्याची नजर तीच.

प्रशिक्षणात कौशल्य शिकवतात, मेंटर स्वतःचा अनुभव देतो, समुपदेशक मनाच्या त्रासाकडे पाहतो. कोच यांतले काहीच करत नाही. म्हणून अगदी नवख्या हेल्परवर ही पद्धत चालत नाही. ज्याला कॅलिपर (माप घ्यायचे साधन) वाचता येत नाही त्याला ‘तुले काय वाटते?’ विचारणे म्हणजे छळच. वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे; तिच्या खाणींत छत कुरकुरू लागले तर मायनिंग सरदाराने (पाळीतल्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाने) माणसे बाहेर काढायची असतात, पर्याय विचारत बसायचे नसते.

दुसरी अडचण पदाची. जो साहेब वर्षाअखेरीचा सीआर (गोपनीय अहवाल) लिहिणार, त्याच्यापुढे ‘मला हे जमत नाही’ असे कोण म्हणेल? सरकारी कचेऱ्यांत आणि साहेबांना ‘सर’ म्हणत उभे राहण्याची सवय असलेल्या जुन्या कारखान्यांत हा अडसर जास्तच. त्यावर साधा उपाय म्हणजे कोच दुसऱ्या विभागातला किंवा बाहेरचा घेणे, आणि बोलणे दोघांतच राहील हे पहिल्याच बैठकीत ठरवणे.