ठिणगी गारेची की पोलादाची?

गेल्या दसऱ्याला अकोट तालुक्यातील एका परिचितांच्या वाड्यात, शस्त्रपूजनाच्या पाटावर, हळदकुंकवाने माखलेले एक ठासणीचे पिस्तूल पाहिले. १८०३ साली इंग्रज-मराठा युद्धातल्या अडगावच्या लढाईत पूर्वजांनी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या एका गोऱ्या अंमलदाराकडून हिसकावून घेतले, असे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्याच्या घोड्यात धरलेल्या गारेच्या, म्हणजे चकमकीच्या दगडाच्या, पोटात आग असते, अशीही तेथील वडीलधाऱ्यांची ठाम समजूत आहे. पिस्तुलाची पारख करायची तर आधी या आगीचेच कोडे सोडवावे लागते.

चाप ओढला की कमानीच्या जोराने घोडा पुढे झेपावतो आणि त्याच्या जबड्यातली गार समोरच्या उभ्या पोलादी पात्याला वरून खाली खरवडत जाते. त्याच धक्क्याने पाते उलटून त्याखालची रंजकाची, म्हणजे पेट देणाऱ्या चिमूटभर दारूची, वाटी उघडी पडते, ठिणग्या वाटीत पडतात आणि रंजकाची ज्वाळा नळीच्या कुशीतल्या बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचते. आपल्या काळ्या मातीच्या शेतात नांगराला लागणाऱ्या गारगोट्या याच कामाच्या आहेत. बेसाल्ट खडकातल्या पोकळ्यांत सिलिका साचून त्या बनल्या, आणि जुने शेतकरी त्यांवर चकमक झाडून शेवरीच्या कापसावर विस्तव धरीत असत. मात्र जळते ते लोखंड. गारेची धारदार कड पोलादाचा अतिसूक्ष्म कीस काढते, घर्षणाने तो कीस तापतो, आणि वस्तुमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार मोठा असल्यामुळे हवेतला प्राणवायू मिळताच पेट घेतो. त्या ज्वलनाच्या उष्णतेने लोखंड वितळते आणि पृष्ठताणामुळे त्याचा गोल थेंब होतो. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्येच अशा ठिणग्यांचे अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांतले गोळे नोंदवले आहेत. मी पांढऱ्या कागदावर चकमक झाडली, कागदाखालून लोहचुंबक फिरवले, तेव्हा काळे कण रांगेने सरकले आणि भिंगाखाली त्यांतले काही मोहरीसारखे वाटोळे, चकचकीत दिसले. गारेचे कण असते तर ते चुंबकामागे धावले नसते.

यासाठी पाते पुरेसे कठीण हवे. लोखंड मऊ असेल तर गार त्यात रुतते, जाड कपचा काढते आणि त्या पेटण्याइतक्या तापत नाहीत. म्हणून कारागीर हे पाते हाडांच्या किंवा चामड्याच्या कोळशात बंद करून तापवीत. कार्बन लोखंडाच्या वरच्या पातळ थरात शिरे, आणि लालबुंद पाते पाण्यात बुडवताच कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत अडकून तो थर कमालीचा कठीण होई. कठीण असतो तो फक्त हा थर, आणि शेकडो वेळा घोडा पडून तो झिजला की खालचे मऊ लोखंड उघडे पडून ठिणगी मरते. या पिस्तुलाच्या पात्याची कड भिंगाखाली धरल्यावर केसाएवढी एक पिवळी रेघ दिसली. झिजलेल्या पात्यावर कोणा लोहाराने पोलादाची नवी पट्टी पितळेने झाळून बसवली होती. पितळ सुमारे ९०० अंशांना वितळते आणि पोलादाला पाणी द्यायचे असते ते सुमारे ८०० अंशांवरून; म्हणजे झाळ धरल्यावर, पट्टी लाल असतानाच, अचूक क्षणी ती पाण्यात घालणे त्या लोहाराला साधले असावे. ही दुरुस्ती मला साऱ्या पिस्तुलापेक्षा मोलाची वाटते, कारण शोभेसाठी ठेवायच्या वस्तूवर इतके कष्ट कोणी घेत नाही.

घोड्यामागच्या लोखंडी पाटीवर, गंजाखाली, मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह आहे. ईस्ट इंडिया कंपनी १८०८ पर्यंत आपल्या शस्त्रांवर हृदयाच्या आकाराचे चिन्ह उमटवीत असे, सिंह त्यानंतरचा. तेव्हा ही पाटी अडगावच्या लढाईत असणे शक्य नाही. पाटी मागाहून बदलली असेल, हा आक्षेपही तपासला. परंतु तिच्यासाठी कोरलेला खाचा मूळच्या अक्रोडाच्या लाकडात तिला तंतोतंत बसतो. मुठीचा खालचा भाग तेवढा सागवानाचा जोड आहे, त्याचा रंग आणि रेषा निराळ्या आहेत.

कंपनीच्या काळातल्या वस्तूत 'इरिडियम' हा दुर्मिळ धातू असतो, ती तांदूळ ओढते आणि तिला कोट्यवधी रुपये मिळतात, असे सांगणारे दलाल खेड्यापाड्यांत फिरतात. ती उघड फसवणूक आहे आणि तिच्यापायी अनेक कुटुंबांनी कष्टाचा पैसा घालवला आहे. तितकेच नुकसान पॉलिश कागदाने होते. त्याने घासले असते तर हा सिंह आणि ती पिवळी रेघ दोन्ही नाहीशी झाली असती.

हे सारे पाहण्याआधी मी नळीत एक लाकडी काडी हलकेच घातली, तोंडापाशी खूण केली आणि काडी बाहेरून नळीशेजारी धरली. तिचे टोक छिद्राच्या दोन बोटे अलीकडेच थांबले. म्हणजे आत काहीतरी ठासलेले आहे. तो नुसता कचराही असू शकेल. पण सोरा, कोळसा आणि गंधकाची ही दारू कोरडी राहिली तर शेकडो वर्षांनीही पेटते, आणि दर दसऱ्याला त्या छिद्रापासून वीतभर अंतरावर निरांजन ओवाळले जात होते. निरांजन तेथून हलवले, नळीचे तोंड मातीच्या भिंतीकडे केले आणि या कामातला जाणकार येईपर्यंत कोणीही त्याला हात लावू नये, असे घरच्यांना सांगून आलो.