न मिटणाऱ्या पात्याची सुरी : निवड, वापर आणि निगा

फिक्स्ड ब्लेड सुरी पाहण्यासाठी आमच्या नागपूरच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक प्रथम पात्याची लांबी विचारतात. आमची विनंती आहे की त्यांनी आधी मूठ पाहावी. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेले असेल, तर त्या बांधणीला फुल टँग म्हणतात. अशा सुरीच्या पाठीवर लाकडाने ठोकून जळणाच्या काटक्या फोडल्या तरी ती सहसा दगा देत नाही. पात्याची शेपटी (टँग) मुठीत जेमतेम शिरलेली असेल, तर सुरी नेमकी त्याच जागी मोडण्याचा संभव असतो. मुक्कामाच्या कामासाठी ४ ते ५ इंचांचे पाते पुरते. पाठ ३ ते ४ मिलिमीटर जाड असावी, कारण त्याहून जाड पात्याने कांदा चिरला जात नाही, फुटतो.

पोलादाची निवड मात्र सावकाश करावी. १०९५ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या कार्बन पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. त्याला धार चटकन लागते, पण गंजही तितक्याच चटकन चढतो. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असल्याने ते गंजाला बराच काळ दाद देत नाही. आपल्याकडे संत्रे कापून सुरी तशीच बाजूला ठेवण्याची सवय असते, आणि संत्र्यातील आम्लाने कार्बन पोलादावर काही मिनिटांतच काळसर डाग उमटतात. म्हणून फळ कापताच पाते धुऊन कोरडे करावे. पावसाळ्याचे चार महिने त्यावर खनिज तेलाचा पातळ हात असावा. खाद्यतेल कालांतराने चिकट होते. सुरी चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. म्यान प्रवासापुरतेच वापरावे. उन्हाळ्यात लाकडी मूठ आकसून रिव्हेट (मूठ जखडणारे खिळे) सैल होतात, तेव्हा जूनच्या आधी एकदा मूठ हलवून पाहावी.

धार लावताना पाते दगडावर दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांत धरावे. विजेच्या साणेवर पाते तापले, तर त्याला दिलेले पाणी (तापवून आणलेला कडकपणा) उतरते आणि धार टिकेनाशी होते. बसून लाकूड तासताना सुरी मांडीच्या दिशेने कधीही ओढू नये. मांडीच्या आतील बाजूला मोठी रक्तवाहिनी असते.

संग्राहकांनी दमास्कस (पोलादाचे थर जोडून घडवलेले नक्षीदार) पाते घेताना पाठ निरखावी. थर जोडून घडवलेल्या पात्याची नक्षी पाठीवरही दिसते, वरवर कोरलेली बहुधा तेथे थांबते. सांबर किंवा चितळाच्या शिंगाची मूठ असलेली सुरी आम्ही घेत नाही आणि विकतही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशा शिंगांचा व्यापार करता येत नाही.

शस्त्र नियम, २०१६ च्या वर्गवारीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते धारदार शस्त्रांत मोडते. घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामाची पाती त्यातून वगळली आहेत. लहान सुरीही शहरात कमरेला लावून फिरू नये, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेशांत सुऱ्यांचाही समावेश होऊ शकतो. पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जाताना तर सुरी घरीच ठेवावी; वन्यजीव अधिनियमाच्या व्याख्येत सुरी हे शस्त्रच आहे, आणि लेखी परवानगीवाचून ती अभयारण्यात नेता येत नाही.