रिस्लिंग गोडच असते, हे आलं कुठून?

रिस्लिंग ही जर्मनीतली पांढऱ्या द्राक्षाची जात, आणि तिच्या वाइनचंही नाव तेच. जर्मन व्हाइट वाइन म्हटलं की आपल्याकडे लगेच "ती गोडवाली ना?" असं विचारतात, आणि मग जेवणासोबत कशाला म्हणून रिस्लिंग बाजूला पडते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण जेवणासोबत इतकी जमणारी व्हाइट वाइन दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे, आणि सहाशे वर्षांच्या इतिहासात हा शिक्का बसला तो अगदी अलीकडे.

रिस्लिंगची पहिली लेखी नोंद १४३५ ची, जर्मनीतल्या रुसेल्सहाइमची. तिथल्या काट्सनेलनबोगन घराण्याच्या हिशेबात रिस्लिंगच्या वेलींचा खर्च मांडलाय. मग १७२० च्या सुमारास ऱ्हाइन नदीकाठच्या ऱ्हाइनगाऊ भागातल्या योहानिसबर्गच्या मळ्यात लाखो वेली लावल्या गेल्या. १७८७ मध्ये ट्रियरच्या राजबिशपने मोझेल नदीच्या खोऱ्यासाठी हुकूम काढला की हलक्या जाती उपटा, चांगल्या लावा, आणि तिथे चांगली म्हणजे रिस्लिंगच.

योहानिसबर्गची १७७५ ची गोष्ट तर फारच भारी. द्राक्षं तोडायची परवानगी लांबच्या फुल्डाच्या बिशपकडून आणावी लागायची, त्या वर्षी घोडेस्वार परत यायला खूप उशीर झाला असं सांगतात आणि तोपर्यंत घडांवर बुरशी धरलेली, तरी तोडली, वाइन केली, आणि ती आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस निघाली! ही बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, पाणी उडून जातं, साखर आणि वास घट्ट होतो. उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या वाइनला 'श्पेटलेझं' म्हणतात ते तिथूनच रुळलं. त्या घोडेस्वाराचा पुतळा आजही तिथल्या अंगणात आहे.

म्हणजे गोड रिस्लिंग होती, पण ती दुर्मिळ आणि महाग. १९०० च्या आसपास मोठ्या हॉटेलांच्या यादीत ऱ्हाइन-मोझेलच्या वाइन्स फ्रान्सच्या नावाजलेल्या बोर्डो वाइन्सच्या बरोबरीने, कधी जास्तच भावाने असायच्या. घोळ झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. बारीक फिल्टरमुळे साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट काढून टाकता यायला लागलं, मग न आंबवलेला द्राक्षरस मिसळून स्वस्तात गोडी आणता येऊ लागली, १८८२ ची म्युलर-थुर्गाऊ ही भरघोस पीक देणारी जात सगळीकडे पसरली, १९७१ च्या कायद्याने दर्जा मुख्यतः रसातल्या साखरेवर ठरवला, आणि लीबफ्राउमिल्ख नावाच्या स्वस्त, गोडसर जर्मन वाइनच्या बाटल्या जगभर गेल्या. त्यात बहुतेकदा रिस्लिंग नावापुरतीसुद्धा नसायची, बदनामी मात्र तिची झाली. नंतर जर्मन लोक स्वतःच ड्रायकडे, म्हणजे गोडी नसलेल्या वाइनकडे वळले, म्हणून लेबलवर 'ट्रोकन' दिसलं तर बिनधास्त ड्राय समजा.

पण मुद्दा नुसता साखरेचा नाहीच, आंबटपणाचा आहे. मोझेलच्या उभ्या चढांवर शाळेतल्या पाटीचा असतो तसला दगड आहे, तो दिवसा तापतो आणि रात्री ऊब देतो, त्यामुळे एवढ्या थंड प्रदेशातही द्राक्ष पिकतं, पण थंडीमुळे हळूहळू, म्हणून आंबटपणा टिकून राहतो. आपल्या आमटीत चिंच आणि गूळ एकमेकांना धरून असतात ना, अगदी तसंच. त्यात थोडी साखर उरली तरी चिकट गोड लागत नाही.

जेवणाचं गणित यावरूनच बसतं. जर्मनीत एप्रिलपासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या ॲस्परॅगसचा सीझन, त्याच्यासोबत ड्राय रिस्लिंग. धुरी दिलेल्या ट्राउट माशासोबत हलकी 'काबिनेट' (श्पेटलेझंच्या आधी तोडलेल्या द्राक्षांची), नोव्हेंबरमध्ये भाजलेल्या हंसासोबत जरा भरलेली श्पेटलेझं, निळ्या बुरशीच्या चीजसोबत त्याहून गोड 'आउसलेझं'. आणि तिखटासोबत मोझेलची काबिनेट, कारण ८-९ टक्के अल्कोहोलने तोंडाची आग वाढत नाही आणि उरलेली साखर ती शांत करते. जास्त अल्कोहोलची वाइन तिखटावर अजून जाळते. मालवणी कोळंबीच्या कालवणासोबत थंडगार काबिनेट घ्या, सोबत भात, आणि खोबऱ्याचं वाटण जरा सढळ हाताने घाला.