आर्थिक अडचणीत असताना बँकेने कापलेले शुल्क परत मागणे: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले किंवा हातातोंडाशी आलेले पीक गेले, की खात्यातली शिल्लक घटते आणि नेमक्या त्याच महिन्यांत बँकेची कपात वाढते. किमान शिल्लक नाही म्हणून एक दंड, हप्त्याच्या तारखेला पैसे नव्हते म्हणून दुसरा, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. रक्कम लहान दिसते म्हणून बहुतेक खातेदार ती सोडून देतात. पण पेन्शन, शिष्यवृत्ती किंवा सरकारी योजनेचे पैसे जमा होताच थकलेले शुल्क त्यातूनच वळते होते, तेव्हा त्या घराचा महिन्याचा किराणा अडतो. म्हणून ही रक्कम मागणे योग्यच आहे. मात्र काय मागायचे, कोणत्या आधारावर आणि कोणाकडे, हे अर्ज लिहिण्यापूर्वी ठरवावे लागते.

पहिली गोष्ट ही की, केवळ आर्थिक अडचण आहे म्हणून शुल्क परत मिळालेच पाहिजे, असा सरसकट हक्क भारतात खातेदाराला नाही. नियम मोडून कापलेली रक्कम परत मागणे हा हक्क आहे. नियमानुसार कापलेली रक्कम अडचणीमुळे सोडून देण्याची मागणी ही विनंती आहे, आणि ती मान्य करणे बँकेच्या अखत्यारीत येते. पुष्कळ अर्ज फसतात ते या दोन मागण्यांची सरमिसळ झाल्यामुळे. अर्जभर आजारपणाचे वर्णन असते, पण कोणत्या तारखेची कोणती कपात कोणत्या नियमाविरुद्ध आहे हे कुठेच नसते. मग बँक सहानुभूती व्यक्त करून नकार कळवते. एकाच अर्जात दोन्ही मागण्या कराव्यात, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत.

हक्काचा भाग सर्वांत भक्कम ठरतो तो किमान शिल्लकेच्या दंडात. रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2014 रोजी काढलेल्या आणि 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेल्या सूचनांनुसार, बचत खात्यातील शिल्लक ठरलेल्या पातळीखाली गेल्यास बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने खातेदाराला तसे स्पष्ट कळवले पाहिजे आणि शिल्लक पूर्ववत करण्यासाठी किमान एक महिन्याची मुदत दिली पाहिजे. त्यानंतरच दंड लावता येतो. दंड जेवढी तूट तेवढ्याच्या प्रमाणात, ठरावीक टक्केवारीने आकारायचा असतो, आणि केवळ या दंडामुळे खात्यातील शिल्लक शून्याखाली जाणार नाही, ही जबाबदारी बँकेची असते. समजा, एखाद्या खात्यात 2000 रुपयांची अट आहे आणि खातेदाराची सरासरी शिल्लक 1900 रुपये राहिली. तर तूट 100 रुपयांची आहे, आणि खाते पूर्ण रिकामे असणाऱ्याला जो दंड लागला असता तोच इथे लावलेला असेल, तर या आकारणीला हरकत घेता येते.

खाते निष्क्रिय झालेले असेल, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ त्यात खातेदाराने व्यवहारच केलेला नसेल, तर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि खाते पुन्हा सुरू करण्याचेही शुल्क घेता येत नाही. जनधन किंवा अन्य मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लकेची अटच नसते. शिवाय स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये आणि कॅनरा बँकेने जून 2025 पासून बचत खात्यांवरील हा दंड रद्द केला, आणि त्यानंतर आणखी काही सरकारी बँकांनीही तेच केले. आपल्या बँकेने दंड रद्द केल्याच्या तारखेनंतरची अशी कपात पासबुकात दिसली, तर वाद घालण्याचेही कारण उरत नाही. ती नोंद दाखवून रक्कम मागावी.

कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे 18 ऑगस्ट 2023 चे परिपत्रक उपयोगी पडते. हप्ता चुकल्यास बँकेने दंडात्मक व्याज न लावता दंडात्मक शुल्क लावायचे, ते मुद्दलात मिळवायचे नाही आणि त्यावर पुन्हा व्याज आकारायचे नाही, असे त्यात सांगितले आहे. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला आणि जुन्या कर्जांसाठी 30 जून 2024 पर्यंतची मुदत होती. क्रेडिट कार्ड मात्र त्यात येत नाही. अशा दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही, असा खुलासाही जानेवारी 2025 मध्ये झाला आहे, त्यामुळे कर्जाच्या उताऱ्यात तो आकारलेला दिसला तर तीही रक्कम मागणीत धरावी.

विनंतीच्या भागाला आधार थोडा कमी आहे, पण तो अजिबात नाही असे नव्हे. नैसर्गिक आपत्तीग्रस्त भागांसाठी रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या निर्देशांत हप्त्यांचे विलंब शुल्क माफ करण्यासारख्या सवलतींचा विचार बँकांनी करावा असे नमूद होते. पूर किंवा दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यातील खातेदाराने त्या जाहीर आदेशाचा उल्लेख अर्जात जरूर करावा. वैयक्तिक अडचणीत निर्णय शाखा किंवा तिचे वरिष्ठ कार्यालय घेते, आणि तिथे कागद बोलतो: नोकरी संपल्याचे पत्र, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि बिले, घरातील कमावत्या व्यक्तीचा मृत्यू दाखला, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, यांपैकी जे लागू असेल ते. सगळे कागद जोडण्याची गरज नाही. ज्या महिन्यांतील शुल्क सोडण्याची विनंती आहे, त्याच महिन्यांतील अडचण दिसली की पुरे.

मुख्य कागद मात्र खात्याचा उतारा. पासबुक भरून घ्यावे किंवा शक्यतो तीन वर्षांचा उतारा काढावा, कारण मुदत कायदा 1963 नुसार अशा दाव्यांसाठी साधारणपणे तीन वर्षांचीच मुदत असते. उताऱ्यात ‘एएमबी चार्ज’ (सरासरी मासिक शिल्लकेचा दंड), ‘मिनिमम बॅलन्स’, ‘नॅच रिटर्न’ (हप्त्याची आपोआप होणारी वसुली परत गेल्याचे शुल्क), ‘एसएमएस चार्ज’ अशा नोंदी आखडून छापलेल्या असतात. जी नोंद कळत नाही तिचा अर्थ शाखेत लेखी विचारावा. एसएमएसचे शुल्क प्रत्यक्ष वापराप्रमाणे आकारण्याची सूचना आहे, हेही इथे तपासून घ्यावे. मग प्रत्येक कपातीची तारीख, नोंद, मूळ रक्कम, जीएसटी आणि हरकतीचे कारण असा तक्ता करावा. 100 रुपयांच्या दंडावर 18 रुपये जीएसटी कापलेला असेल तर मागणी 118 रुपयांची होते, आणि ते 18 रुपये मागायचे राहून जातात. सोबत त्या काळातील बँकेचे सेवाशुल्काचे पत्रक, जे संकेतस्थळावर मिळते, आणि मोबाइलवर आलेले संदेश जपून ठेवावेत. नोटीस आलीच नसेल, तर आपण ती न आल्याचे सिद्ध करत बसू नये. ती कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकावर पाठवली याची नोंद दाखवण्याची मागणी बँकेकडे करावी.

अर्ज शाखा व्यवस्थापकांच्या नावे, साध्या कागदावर आणि मराठीत चालतो. त्यातला गाभा एवढाच असावा: ‘माझ्या बचत खात्यातून सोबतच्या तक्त्यात दाखवलेल्या तारखांना किमान शिल्लकेपोटी दंड कापण्यात आला आहे. त्यापूर्वी मला एक महिन्याची सूचना मिळालेली नाही. ती पाठवली असल्यास तिची नोंद मला द्यावी. अन्यथा जीएसटीसह पूर्ण रक्कम खात्यात जमा करावी.’ त्याखाली स्वतंत्र परिच्छेदात अडचणीची हकिकत चार ओळींत लिहून उरलेले शुल्क माफ करण्याची विनंती करावी, आणि किमान शिल्लकेचे खाते मूलभूत बचत खात्यात बदलून देण्याची मागणीही इथेच करावी, म्हणजे पुढची कपात थांबते. त्याच बँकेत दुसरे बचत खाते असेल तर मात्र ते बंद करावे लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. तोंडी आश्वासनाची पोहोच नसते. बँकेच्या ॲपवरून किंवा ईमेलने तक्रार केली तर तक्रार क्रमांक टिपून घ्यावा.

पोहोच मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. लोकपाल म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. त्याला कोणतेही शुल्क नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर किंवा टपालाने चंदीगडच्या सेक्टर 17 मधील तिच्या तक्रार केंद्राकडे, पिन 160017, पाठवता येते आणि 14448 या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. वृद्ध आईवडिलांच्या वतीने मुलगा किंवा मुलगी अधिकारपत्र घेऊन तक्रार करू शकते, पण वकिलामार्फत ती करता येत नाही. तेच प्रकरण न्यायालयात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. बँकेचे व्यावसायिक निर्णयही लोकपालांच्या कक्षेबाहेर असतात, म्हणून इथे शुल्क जास्त आहे किंवा माफी नाकारली हे मुद्दे पुढे न करता नोटीस न देणे, तुटीच्या प्रमाणात आकारणी न करणे, शिल्लक उणे करणे असे सेवेतील त्रुटीचेच मुद्दे मांडावेत. तक्रारीला मुदत असते. नकाराचे पत्र हातात आल्यावर किंवा 30 दिवस उलटल्यावर थांबण्यात अर्थ नाही.

खाते पतसंस्थेत असेल तर हा मार्ग लागू होत नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली चालतात, त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते. तिथे आधी संस्थेच्या व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज आणि नंतर तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकांच्या कार्यालयात तक्रार, असा क्रम ठेवावा. तिथेही तोच तक्ता आणि पोहोच घेतलेली तीच प्रत जोडायची असते.